पुठ्ठ्याचा पत्ता

संधिवाताने बोटे आखडली आणि माझी पत्त्यांची जादू संपली, असेच मी धरून चाललो होतो. आमच्या पिढीने जादू पाहिली ती जादूगार रघुवीरांची. खेड तालुक्यातल्या आंबेठाणात जन्मलेल्या या माणसाने (१९२४–१९८४) परदेशातही प्रयोग गाजवले. त्यांची हातचलाखी आपल्याला कुठून येणार?

गेल्या श्रावणात मुळशी तालुक्यात, पौडला मुलीकडे गेलो होतो. बाहेर धो धो पाऊस, घरात कंटाळलेली नातवंडे. मी पोस्टकार्डाएवढा पुठ्ठा कापला. एका बाजूला एकाखाली एक असे रुपयाएवढे दोन ठिपके काढले, वर आणि मध्ये. खालची जागा कोरी. मागे तीन-तीनच्या दोन रांगा, पण एका रांगेतला मधला ठिपका गाळलेला, म्हणजे पाच. बोटांनी वरचा ठिपका झाकला की वाटतो एक्का. कोरी जागा झाकली की तिर्री. मागे कोरी जागा झाकली तर छक्की, समोरचा मधला ठिपका झाकला तर चौकी. दोन बाजूंच्या पत्त्याला चार बाजू! घरी करून पाहा. चलाखी हाताची नाहीच. झाकलेली जागा पाहणाऱ्याचे मनच भरून काढते.

तिसऱ्या वेळी धाकटी नात म्हणाली, "आबा, बोट काढा की!"

क्षणभर मी हिरमुसलो. मग वाटले, उद्या एखादा बुवा हवेतून अंगारा काढू लागला, तर ही पोर त्यालाही मूठ उघडायला लावेल.

मी बोट काढले.