मृदा आरोग्य पत्रिका: आकडे वाचा, मगच खत घ्या

मृदा आरोग्य पत्रिका योजना केंद्र शासनाने १९ फेब्रुवारी २०१५ रोजी राजस्थानातील सुरतगड येथून सुरू केली. आज अनेक शेतकऱ्यांच्या घरी ही पत्रिका आहे, पण खताच्या दुकानात जाताना ती क्वचितच सोबत असते. शेजाऱ्याने दोन गोण्या डीएपी टाकले म्हणून आपणही टाकतो. जमिनीत स्फुरद आधीच भरपूर असेल, तर त्यातील स्फुरदाचा पैसा वाया जातो. शिवाय जादा स्फुरदामुळे पिकाला जस्त मिळणे आणखी अवघड होते.

पत्रिकेत काय असते?

पत्रिकेत १२ घटकांची नोंद असते: सामू, क्षारता (विद्युत वाहकता), सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मंगल आणि बोरॉन. त्यासोबत पिकानुसार खतांची शिफारसही दिलेली असते.

सर्वांत आधी सामू पहा. ६.५ ते ७.५ असेल तर बहुतेक पिकांना चालतो. कोकणातील जांभ्या जमिनीत किंवा ईशान्येकडील राज्यांत तो बराच खाली असतो. तेथे चुना दिल्याशिवाय दिलेल्या खताचा पूर्ण उपयोग होत नाही. चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत सामू ८ च्या वर जातो. अशा जमिनीत लोह असते, पण मुळांना घेता येत नाही. ऊस किंवा भुईमूग पिवळा पडतो, म्हणजे केवडा होतो, आणि शेतकरी नत्र कमी पडले समजून युरिया टाकतो. ओळखण्याची खूण सोपी आहे: नत्र कमी पडले तर आधी खालची, जुनी पाने पिवळी होतात, लोह कमी पडले तर शेंड्याकडची कोवळी पाने पिवळी पडतात आणि शिरा हिरव्या राहतात. येथे युरिया नव्हे, हिराकस लागते. ते शेणखतात मुरवून द्यावे किंवा फवारावे; नुसते मातीत टाकले तर लवकरच निरुपयोगी होते.

त्यानंतर सेंद्रिय कर्ब. ०.५० टक्क्यांपेक्षा कमी म्हणजे कमी, ०.७५ च्या वर म्हणजे चांगला. आपल्या उष्ण हवामानात तो लवकर जळतो, त्यामुळे एका वर्षात फरक दिसेल अशी अपेक्षा ठेवू नका. उसाचे पाचट, गव्हाचे काड न जाळता शेतातच कुजवा. ताग किंवा धैंचा पेरून फुलोऱ्याच्या आधी, साधारण ४५ ते ५० दिवसांत, जमिनीत गाडा. जस्ताची पातळी ०.६ पीपीएमच्या खाली असेल तरच झिंक सल्फेट द्या; दरवर्षी सवयीने नको.

शिफारशीचे गोण्यांत रूपांतर

शिफारस हेक्टरी आहे की एकरी, हे आधी पहा. हा घोळ फार होतो. समजा शिफारस हेक्टरी १०० किलो नत्र आणि ५० किलो स्फुरद आहे. एकरी ती ४० आणि २० किलो होते. डीएपीमध्ये ४६ टक्के स्फुरद व १८ टक्के नत्र असते. २० किलो स्फुरदासाठी सुमारे ४४ किलो डीएपी लागेल आणि त्यातून जवळजवळ ८ किलो नत्र मिळेल. उरलेल्या ३२ किलो नत्रासाठी, युरियात ४६ टक्के नत्र असल्याने, सुमारे ७० किलो युरिया पुरेल. डीएपीतील नत्र वजा केले नाही, तर ८७ किलो युरिया टाकला जातो. तोही एकदम न देता पिकाच्या वाढीनुसार हप्त्यांनी द्या.

हे आकडे आपल्याच शेताचे आहेत का?

योजनेच्या सुरुवातीच्या फेऱ्यांत बागायती भागात अडीच हेक्टरला आणि जिरायती भागात १० हेक्टरला एक नमुना घेतला गेला, आणि त्या पट्ट्यातील सर्वांना त्यावरूनच पत्रिका मिळाल्या. म्हणून जुन्या पत्रिकेतील माती बांधापलीकडची असू शकते. पुढच्या वेळी नमुना काढताना आपण स्वतः हजर राहा.

पीक काढल्यानंतर, खत देण्यापूर्वी नमुना घ्यावा. शेतात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी ‘व्ही’ आकाराचा १५ ते २० सेंमी खोल खड्डा करा आणि त्याच्या कडेची पातळ माती काढा. बांध, विहीर, उकिरडा, झाडाखालची जागा टाळा. काळी आणि मुरमाड माती एकत्र करू नका. त्यांचे नमुने वेगळे. सर्व माती मिसळून चार भाग करा, समोरासमोरचे दोन काढून टाका, अर्धा किलो उरेपर्यंत असे करत राहा. सावलीत वाळवून स्वच्छ कापडी पिशवीत भरा. खताची रिकामी गोणी वापरली तर अहवाल त्या खताचाच येईल! सूक्ष्म अन्नद्रव्ये तपासायची असतील तर गंजलेले खोरे नको. फळबागेसाठी थरानुसार खोलवरची माती लागते. त्याबद्दल प्रयोगशाळेत आधी विचारा.

पिशवीत नाव, गट क्रमांक, आधीचे पीक, पुढचे पीक आणि बागायत की जिरायत याची चिठ्ठी टाका. नमुना गावाच्या सहायक कृषी अधिकाऱ्यांकडे किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात देता येतो. पत्रिकेतील एखादा आकडा समजला नाही, तर किसान कॉल सेंटरच्या १८००-१८०-१५५१ या निःशुल्क क्रमांकावर सकाळी ६ ते रात्री १० या वेळेत मराठीतून विचारता येते. फोन करताना पत्रिका हातात ठेवा.