"कोनसेट फक्त टाईट करून द्या" म्हणणारं गिऱ्हाईक

या आठवड्याच्या व्हिडिओत आपण मोटरसायकलचा कोनसेट बदलून दाखवला. हात ग्रीसनं भरलेले असताना बऱ्याच गोष्टी बोलायच्या राहून गेल्या, त्या इथे लिहितोय. तुमच्यापैकी कुणी गॅरेज टाकायच्या तयारीत असेल, किंवा स्पेअरच्या दुकानाला जोडून एखादा मेकॅनिक बसवायचा विचार करत असेल, तर त्यानं हे काम मुळापासून समजून घ्या. स्वतः पाना हातात धरणार नसाल तरीसुद्धा. मीही पहिली दोन वर्षं धरला नव्हता, आणि त्याचंच बिल मला भरावं लागलं.

दुकानाचं पहिलं वर्ष. मी नुकताच बीबीए करून काउंटरवर बसलेलो, आत एक मेकॅनिक. एक दूधवाले मामा आले, गाडीला दोन्ही बाजूंना कॅन. म्हणाले, "मालक, पुढचा ब्रेक दाबला की कट्‌ वाजतंय. निस्तं टाईट करून द्या की." मी मनात हिशेब केला: पाच मिनिटांचं काम, ५० रुपये, गिऱ्हाईक खूश. मेकॅनिकनं नट आवळला, आवाज बंद झाला, मामा गेले.

आठ दिवसांनी मामा गाडी ढकलत आले. गल्लीत हळू वळताना हँडल मध्येच अडकल्यासारखं झालं, गाडी कलंडली, एक कॅन सांडला, गुडघा फुटला. मामा भांडले नाहीत. "काम तुमच्याकडंच केलं होतं ना?" एवढंच विचारलं. मी नवा सेट टाकून दिला, मजुरी घेतली नाही, सांडलेल्या दुधाचे पैसे दिले. गाडी खोलली तेव्हा खालच्या वाटीत छर्‍यांच्या जागी एकसारखे खड्डे पडलेले दिसले. आवळून बंद झाला होता तो फक्त आवाज.

आता हे खड्डे पडतात कसे ते बघा. शॉकअप जिथे बसतात त्या टीचा दांडा चासीच्या पुढच्या नळीतून वर जातो. वर एक आणि खाली एक अशा दोन जागी तो बेअरिंगवर फिरतो. आपल्या रोजच्या बऱ्याच गाड्यांत ही बेअरिंग म्हणजे दोन वाट्या आणि मध्ये सुटे छर्रे. काही गाड्यांत टेपर रोलर येतो. चाकाचं बेअरिंग गरागरा फिरतं, हे मात्र तसं फिरत नाही. गाडी बहुतेक वेळ सरळच जाते, त्यामुळे छर्रे त्याच जागी बसून किंचित किंचित हलत राहतात आणि तिथलं ग्रीस बाजूला सरकतं. वर रस्त्याचे खड्डे, म्हणजे प्रत्येक दणका त्याच जागी. हळूहळू वाटीत खळगे पडतात. खालच्या बाजूला भार जास्त, आणि चाकाचं पाणी-चिखलही तिकडेच, म्हणून आधी ती जाते. वॉशिंगला प्रेशरचा पाईप थेट तिथे मारणारे आपले भाऊलोक आहेतच.

तपासायला पुढचं चाक जमिनीवरून उचला. मेन स्टँडवर गाडी लावून इंजिनखाली ठोकळा किंवा जॅक द्या, आणि गाडी धरायला एक माणूस उभा करा. हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळूच, दोन बोटांनी फिरवा. बरोबर मध्यावर खाचेत बसल्यासारखं वाटलं तर वाटी गेली, आवळून काही होणार नाही. मग समोर बसून शॉकअपची खालची टोकं धरा आणि पुढेमागे हलवा. हलतंय? थांबा, लगेच निकाल देऊ नका. दुसऱ्या माणसाला टी आणि चासीच्या सांध्यावर बोट ठेवायला सांगा. तिथे हालचाल जाणवली तर कोनसेटचा प्ले. तिथे शांत आहे आणि शॉकअपची नळी जिथे आत-बाहेर होते तिथे जाणवतंय, तर शॉकअपचं बुश. चाकच डावीउजवीकडे डुगडुगत असेल तर चाकाचं बेअरिंग बघा. ब्रेक दाबून गाडी ढकलायची आणि 'कट्‌ वाजलं म्हणजे कोनसेट' असं सांगायचं, ही सवय सोडा. ब्रेकच्या भागात थोडा प्ले असला तरी तसाच आवाज येतो.

हँडल जड लागतं या तक्रारीचंही तसंच. आधी टायरमधली हवा बघा. मग वायर-केबल कुठे ताणली जात नाहीत ना ते बघा. दोन मिनिटांत हवा भरून काम झालं तर पैसे घेऊ नका, तो माणूस पुढच्या सर्व्हिसिंगला तुमच्याकडेच येतो.

बदलायचं ठरलं तर आधी पैसे बोला, नंतर गाडी खोला. माझ्या दुकानात साध्या छर्‍यांच्या सेटला ३०० ते ४५० रुपये पडतात आणि मजुरी मी ४५० घेतो. मेकॅनिकचे दोन तास जातात, खालची वाटी अडकून बसली तर तीन. तेवढ्या वेळात तीन-चार गाड्यांचं ऑइल बदलून होतं. म्हणून जे लोक २०० रुपयांत हे काम धरतात ते घाई करतात. घाई म्हणजे काय, तर जुन्या वाट्या तशाच ठेवायच्या आणि नुसते छर्रे नवीन टाकायचे. खड्डे पडलेल्या वाटीत नवे छर्रे टाकून काय मिळणार? वाट्या आणि छर्रे एकत्रच बदलायचे, वरचे आणि खालचे दोन्ही. गिऱ्हाईक ऐकत नसेल तर काम सोडा. हे लिहायला सोपं आहे, पहिल्या वर्षी जमत नाही, मला माहीत आहे.

काम करताना टी खाली काढण्याआधी खाली ट्रे ठेवा, छर्रे मोजा आणि जॉब कार्डवर आकडा लिहा. प्रत्येक मॉडेलचा आकडा वेगळा, वरचा-खालचाही वेगळा असू शकतो. एक जास्तीचा कोंबून बसवायचा नाही, थोडी फट राहायलाच हवी. जुनी वाटी आतून लांब पंच लावून आळीपाळीनं दोन्ही बाजूंनी ठोका, नाहीतर तिरकी होऊन अडकते. बसायची जागा पुसून कोरडी करा. नवी वाटी रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवली तर सोपी बसते (घरी आधी सांगून ठेवा). ती ठोकायला जुनीच वाटी मध्ये धरा. आमच्याकडे लेथवाल्याकडून मापाचे पाईपचे तुकडे करून घेतलेत, एकदाच खर्च आहे. हातोडी थेट वाटीवर लागली तर नवा सेट तिथेच खराब झाला समजा. ग्रीस भरपूर लावा, त्यात कंजुषी नको.

खरं कसब शेवटी आहे. खाचांचा नट हूक पान्यानं आधी थोडा घट्ट करा, हँडल पाच-सहा वेळा पूर्ण फिरवा म्हणजे सगळं जागेवर बसेल. मग सैल करा, आणि प्ले जाईल एवढाच परत आवळा. वरचा मोठा नट आवळला की सेटिंग बदलतं, म्हणून त्यानंतर पुन्हा तपासा. वरच्या प्लेटचे शॉकअप धरणारे बोल्ट तोपर्यंत सैलच हवेत. चाक हवेत असताना हँडल मध्यावरून जरा ढकललं की स्वतःच्या वजनानं बाजूला पडलं पाहिजे आणि प्लेही नको. जास्त आवळलं तर गाडी हळू वेगात सरळ जात नाही, चालवणाऱ्याला सारखं हँडल सावरावं लागतं. टॉर्कचा आकडा त्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमधून घ्या, माझ्या तोंडून नको.

जुन्या वाट्या गिऱ्हाईकाच्या हातात द्या आणि खड्ड्यांवरून नख फिरवायला सांगा. त्यानंतर बिलावर वाद होत नाही.

नवा सेट थोडा चालल्यावर बसतो आणि किंचित प्ले येतो. म्हणून आम्ही बिलावरच "५०० किमीनंतर तपासणी मोफत" असं लिहितो आणि वहीत नंबर टिपून फोन करतो. दहा मिनिटांचं काम असतं. मामांची गाडी त्या वेळी असंच बोलावून तपासली होती. अजूनही येतात, पण ब्रेक दाबून आवाज आला की आधी विचारतात, "बोट लावून बघितलं का?"

तुमच्या गाडीचा कोनसेट वारंवार जात असेल तर मॉडेल, किती किलोमीटर चालली आणि वॉशिंग कुठे करता ते लिहून पाठवा. पुढच्या व्हिडिओत शॉकअपचं बुश घेऊ.