विद्यापीठाच्या आवारांतील माश्या

विद्यापीठ हें विद्येचें माहेर, ही गोष्ट कोणीही मान्य करील. परंतु तें माश्याभुंग्यांचेंही माहेर असावें, तसा लेखी ठराव व्हावा, आणि त्या ठरावाच्या पालनार्थ विद्यार्थ्यांनीं मातींत हात घालावे, असें म्हटलें तर आमच्या पुष्कळ वाचकांस ती चेष्टा वाटेल. अमेरिकेंत मात्र हा उपक्रम शंभरांहून अधिक महाविद्यालयांत व विद्यापीठांत रुजला आहे; आणि पहिलेपणाचा मान ऑरेगन राज्यांतील ॲशलंड या गांवच्या सदर्न ऑरेगन विद्यापीठास २०१५ सालीं मिळाला.

ॲशलंड हें डोंगराच्या पायथ्याशीं वसलेलें लहानसें गांव. १९३५ सालीं सुरू झालेल्या शेक्सपिअरच्या नाट्योत्सवामुळें रसिकांस तें परिचित आहे. कीटकशास्त्रज्ञांस मात्र तें एका हरवलेल्या माशीमुळें ठाऊक आहे. इंग्रजींत जिला बंबलबी म्हणतात ती अंगानें जाड व केसाळ माशी. आपल्या देशांत ती हिमालयाच्या थंड प्रदेशांत आढळते. तिचीच एक जात, फ्रँकलिनची बंबलबी, दक्षिण ऑरेगन व उत्तर कॅलिफोर्निया एवढ्याच चिंचोळ्या मुलखांत राहत असे. रॉबिन थॉर्प या कीटकशास्त्रज्ञांनीं १९९८ सालीं तिचा शोध घेतला, तेव्हां त्यांस ९४ माश्या दिसल्या. पुढें ती दिसेनाशी होऊं लागली. २००४ व २००५ हीं दोन्ही वर्षें कोरडीं गेलीं. २००६ च्या ऑगस्ट महिन्यांत ॲशलंडच्या डोंगरावर त्यांस एक कामकरी माशी दिसली. तेंच तिचें अखेरचें दर्शन. त्यानंतरही थॉर्प तिच्या शोधार्थ त्या डोंगरावर जात राहिले. २०१९ सालीं ते निवर्तले, आणि २०२१ सालीं सरकारनें तिचें नांव संकटग्रस्त प्राण्यांच्या यादींत घातलें. पंधरा वर्षें कोणासही न दिसलेल्या जिवास दिलेलें हें अभय दिरंगाईचा नमुना म्हणावें कीं आशेचा, हें ठरविणें आम्हांस कठीण वाटतें.

माशी गेली कशानें? टोमॅटोच्या कांचघरांसाठीं पाळलेल्या बंबलबींच्या पेट्यांतून रोग पसरला असावा, असा थॉर्प यांचा तर्क होता. कांचघरांत ह्या माश्या पाळण्याचें कारण मोठें मौजेचें आहे. टोमॅटोच्या फुलांतील पराग उघड्यावर नसतो. तो परागकोशाच्या आंत कोंडलेला असतो. बंबलबी फुलाला मिठी मारते आणि पंख न फडफडवितां नुसत्या स्नायूंच्या थरथरीनें तो पराग खालीं पाडते. मधमाशीला ही विद्या अवगत नाहीं. वांग्याच्या फुलाची रचनाही तशीच असून आपल्याकडे तें काम काळा भुंगा करतो. ज्यांच्या परसांत वांगीं लावलेलीं आहेत त्या वाचकभगिनींनीं सकाळच्या वेळीं कान द्यावा; भुंगा फुलावर बसला कीं त्याच्या गुंजारवाचा सूर एकदम बदलतो.

तेव्हां आवारांत मधाच्या चार पेट्या ठेवल्या कीं परागवाहकांचें रक्षण झालें, अशी जी समजूत आहे तींत फारसें तथ्य नाहीं. मधमाशी अमेरिकेची मूळ रहिवासीच नव्हे; ती १६२२ सालीं वसाहतवाल्यांबरोबर जहाजांतून व्हर्जिनियास उतरली. त्या देशांतील मूळच्या माश्यांच्या जाती सुमारें ३,६०० असून त्यांतील बहुतेक एकेकट्या राहतात. पुष्कळशा जमिनींत बिळें करून अंडीं घालतात, तर कांहीं वाळक्या पोकळ काड्यांचा आश्रय घेतात. त्यांस हवी असते थोडी उघडी माती, न कापलेल्या काड्या, आणि हंगामभर कोणतें ना कोणतें फूल. विद्यापीठाच्या आवारांतून नेमकें हेंच नाहींसें केलेलें असतें. सारखी कातरलेली हिरवळ, पाचोळ्याचा मागमूस नाहीं, तण उगवलें कीं औषध! पदवीदानाच्या छायाचित्रांत हें सारें फार शोभतें. माशीच्या दृष्टीनें मात्र तें वाळवंट होय.

फवारा किती घातक ठरतो हें ऑरेगनच्या लोकांनीं डोळ्यांनीं पाहिलें आहे. जून २०१३ मध्यें विल्सनव्हिल या गांवीं एका मोठ्या दुकानाच्या मोटारतळावरील ५५ लिंडन वृक्ष ऐन फुलोऱ्यांत असतां त्यांवर माव्यासाठीं डायनोटेफ्युरान नांवाचें औषध मारलें गेलें. झाडांखालीं पन्नास हजारांहून अधिक बंबलबी मरून पडल्या, आणि अखेर झाडांवर जाळ्या घालाव्या लागल्या. येथें पीक वांचविण्याचा प्रश्नच नव्हता. झाडें केवळ शोभेचीं होतीं. विद्यापीठांतील झाडेंही बहुधा तशींच असतात.

२०१२ सालीं उत्तर कॅरोलिनांतील ॲशव्हिल येथें ‘बी सिटी’ ही नगरांसाठींची चळवळ सुरू झाली. ‘बी कँपस’ ही तिची विद्यापीठी शाखा. २०१८ पासून दोहोंचा कारभार झर्सीस सोसायटी पाहते. ही संस्था १९७१ सालीं स्थापन झाली. सॅन फ्रान्सिस्कोच्या वाळूच्या टेकड्यांवर घरें उठलीं आणि तेथील एक निळें फुलपाखरूं १९४० च्या दशकांत नामशेष झालें. त्याचें नांव संस्थेनें धारण केलें आहे. ‘बी कँपस’ म्हणविणाऱ्या विद्यापीठास अध्यापक, कर्मचारी व विद्यार्थी यांची समिति नेमावी लागते, देशी फुलझाडें लावण्याची व औषधांचा वापर कमी करण्याची योजना लिहून काढावी लागते, विद्यार्थ्यांस श्रमसेवेची संधि द्यावी लागते, आणि प्रतिवर्षीं अहवाल पाठवावा लागतो.

ही शेवटची अट आम्हांस सर्वांत शहाणपणाची वाटते. विद्यार्थ्याचा उत्साह दांडगा, पण तो चार वर्षांचा पाहुणा. ज्यानें ताटवा लावला तो पदवी घेऊन गेला, आणि माळी सवयीनें फवारा घेऊन आला, कीं सारें मुसळ केरांत!

शेजारच्या कॅलिफोर्निया राज्यांत बर्कले येथें २०१७ सालीं व्हॉलीबॉल खेळणाऱ्या दोघी विद्यार्थिनींस कळलें कीं मैदानाच्या कडेला तणनाशक मारलेलें आहे. त्यांनीं नुसती तक्रार केली नाहीं. तण हातानें उपटण्याचें काम सोबतिणींसह अंगावर घेतलें आणि मग तोच प्रश्न आवारभर नेला. २०१९ सालीं कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अध्यक्षांनीं, कांहीं अपवाद ठेवून, सर्व शाखांत ग्लायफोसेट या तणनाशकाचा वापर स्थगित केला. त्या मुलींस चिंता प्रकृतीची होती, माश्यांची नव्हे. पण माळ्यास फवारा खालीं ठेवावयास लावण्याची रीत ती हीच.

आपल्याकडील महाविद्यालयांत प्रश्न थोडा निराळा आहे. उंच इमारतीच्या सज्जाखालीं आग्या मोहोळ लागतें, परीक्षेचे दिवस जवळ येतात, आणि रात्रीं कोणी तरी टेंभा घेऊन तें जाळतो. भीति अस्थानीं आहे असें आम्ही म्हणत नाहीं. आग्या माश्या खवळल्या म्हणजे जिवावर बेततें. परंतु ह्या माश्या फिरत्या आहेत. फुलोऱ्याचा हंगाम सरला कीं त्या आपण होऊन मोहोळ सोडतात व दुसऱ्या मुलखास जातात. तोंपर्यंत त्या बाजूची वाट दोर बांधून बंद ठेवावी, खालीं धूर होऊं देऊं नये, कोणास दगड मारूं देऊं नये, एवढी राखण विद्यार्थ्यांच्या एका तुकडीस सहज करतां येईल. पुढें उरलेलें रिकामें पोळें काढावयास टेंभा लागत नाहीं. एक लांब बांबू पुरतो.