काळा दाणा, हवेची फुंकर आणि टाकीतले पाणी

अकोल्याची तुरीची डाळ बाजारात 'सॉर्टेक्स डाळ' म्हणून विकली जाते. सॉर्टेक्स हे मुळात एका इंग्लिश कंपनीचे नाव. त्या कंपनीची रंग पाहून धान्य निवडणारी यंत्रे इतकी पसरली, की आता कोणत्याही कंपनीचे तसे यंत्र आले तरी डाळमिलवाला त्याला सॉर्टेक्सच म्हणतो. माझ्या लहानपणी हे काम बाया करीत. मिलच्या ओट्यावर दहा-बारा जणी सुपे घेऊन बसत आणि काळे दाणे, खडे, टरफल न निघालेला गोटा असे सगळे वेगळे काढीत. आज त्याच ओट्यावर यंत्र उभे आहे आणि त्यातून बाहेर पडलेला माल पुन्हा एकदा पाहायला दोन बाया आहेत. या यंत्राची ओळख आधी करून घेऊ. 'मेकॅट्रॉनिक्स' हा जड शब्द समजायला वऱ्हाडात याच्याइतके जवळचे उदाहरण नाही.

वरच्या टोपल्यातून डाळ एका थरथरणाऱ्या तबकात पडते. तिथून ती एकेरी थराने उतरत्या पन्हळीवरून घसरते आणि पन्हळ संपल्यावर हवेतून खाली पडू लागते. या पडण्याच्या वाटेवर दोन्ही बाजूंनी दिवे आणि कॅमेरे असतात. कॅमेरा दर क्षणी डाळीच्या पडद्याची एक आडवी रेघ टिपतो. रेघेत कुठे काळा ठिपका दिसला, की आतला संगणक त्या जागेसमोरची हवेची झडप उघडायला सांगतो. दाबाखालच्या हवेची फुंकर बसते, काळा दाणा आपली वाट सोडून बाजूच्या खान्यात पडतो आणि चांगली डाळ सरळ खाली जाते.

यात वेळेचे गणित किती नाजूक आहे ते नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांनाही काढता येईल. समजा, दाणा ६० सेंटिमीटर खाली आला आणि घर्षण आपण सोडून दिले. वेगाचा वर्ग = २ × ९.८ × ०.६, म्हणून वेग सेकंदाला सुमारे ३.४ मीटर. कॅमेऱ्याच्या रेघेपासून हवेचे नळकांडे ३ सेंटिमीटर खाली आहे असे धरू. हे अंतर कापायला दाण्याला सुमारे ९ मिलिसेकंद लागतात. एवढ्या वेळात पाहणे, ठरवणे आणि झडप उघडणे, तिन्ही झाले पाहिजे. झडपेने २ मिलिसेकंद उशीर केला, तर दाणा तोवर जवळजवळ ७ मिलिमीटर पुढे गेलेला असतो, म्हणजे स्वतःच्या लांबीहून अधिक. मग फुंकर बसते ती मागून येणाऱ्या चांगल्या डाळीला.

पाहणारा भाग, ठरवणारा भाग, हलवणारा भाग. पहिल्याला संवेदक, दुसऱ्याला नियंत्रक म्हणतात. तिसऱ्याला पुस्तकांत निरनिराळी नावे आहेत, आपण 'चालक' म्हणू. इथे संवेदक कॅमेरा, नियंत्रक संगणक आणि चालक म्हणजे विजेने उघडणारी झडप. यंत्रशास्त्र, वीज, इलेक्ट्रॉनिक्स आणि संगणकाची आज्ञावली अशी चार वेगवेगळ्या वर्गांत शिकवली जाणारी शास्त्रे एकाच दाण्याभोवती जमली आहेत. जपानमधल्या यास्कावा या विजेची यंत्रे करणाऱ्या कंपनीत तेत्सुरो मोरी नावाचे अभियंते होते. त्यांनी १९६९ मध्ये या एकत्र येण्याला 'मेकॅट्रॉनिक्स' असे जोडनाव दिले. सुरुवातीला ते कंपनीचे व्यापारचिन्ह होते. पुढे कंपनीने हक्क सोडला आणि शब्द सगळ्यांचा झाला.

आता एक घडलेली गोष्ट सांगतो. ऑगस्ट महिना होता. माझ्या मामांच्या डाळमिलमधले हे यंत्र चांगली डाळ रद्दीच्या खान्यात फेकू लागले आणि काळे दाणे सोडू लागले. यंत्र चालवणाऱ्या मुलाने पडद्यावरची संवेदनशीलता वाढवून पाहिली, कमी करून पाहिली, कॅमेऱ्याची काच पुसली. काही उपयोग झाला नाही. ज्यांच्याकडून यंत्र घेतले होते त्यांना फोन केला. त्यांचा माणूस तिसऱ्या दिवशी आला. तोवर दोन दिवस मिल बंद, हमाल बसून आणि ट्रक दारात उभा.

आलेल्या माणसाने पडद्याकडे पाहिलेसुद्धा नाही. तो थेट मागच्या खोलीतल्या कॉम्प्रेसरकडे गेला.

"भाऊ, या टाकीचं पाणी कवा काढलं होतं?"

"त्याच्यात बी पाणी असते काय?" मामांनी विचारले.

त्याने टाकीखालचा कॉक उघडला आणि तांबूस पाण्याची धार लागली. नंतर हवेच्या वाटेवरची गाळणी उघडली, तीही पाण्याने भरलेली. हेच पाणी हवेबरोबर झडपांपर्यंत पोचत होते. झडपा चिकटत होत्या आणि फुंकर उशिरा सुटत होती. दोष पडद्यावर दिसत होता, पण होता टाकीत. झडपा साफ करून दुपारी मिल सुरू झाली.

पाणी आले कुठून, हा प्रश्न वर्गात जरूर विचारावा. ३० अंश सेल्सियसला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे ३० ग्रॅम वाफ मावते. पावसाळ्यातली ८० टक्के आर्द्रता धरली, तर प्रत्येक घनमीटरात २४ ग्रॅम वाफ आहे. कॉम्प्रेसरचा काटा सहा वातावरण दाब दाखवतो, म्हणजे बाहेरचा धरून एकूण सात. सात घनमीटर हवा एका घनमीटरात कोंबली गेली. तिच्यात वाफ १६८ ग्रॅम. टाकी थंड होऊन पुन्हा ३० अंशांवर आली, की त्यातली ३० ग्रॅमच वाफेच्या रूपात राहू शकते. उरलेले १३८ ग्रॅम पाणी होऊन तळाशी साठते. दवबिंदूचा हा धडा आपण थंड पाण्याच्या पेल्यावर शिकवतो. त्याच धड्याने मामांची मिल दोन दिवस बंद पाडली होती.

यंत्र चालवणारा मुलगा हुशार होता. त्याला शिकवले होते ते बटणे कोणती दाबायची एवढेच. हवा, वीज आणि आज्ञा या तिन्हींचा एकमेकांशी असलेला संबंध त्याला कोणी दाखवला नव्हता. स्वयंचलित कारखान्यात काम करणाऱ्याचे खरे शिक्षण ते हेच: दोष कुठे दिसतो आणि कुठे असतो, यांतला रस्ता शोधून काढणे.

असा विचार करायची सवय वऱ्हाडातल्या मुलांना नसते असे मात्र मुळीच नाही. शेतातल्या मोटरीचा स्टार्टर बघा. हिरवे बटण दाबले की मोटर सुरू होते आणि बोट काढले तरी चालूच राहते. का? स्टार्टर ओढला गेला की त्याचाच एक संपर्क हिरव्या बटणाला समांतर जोडला जातो आणि स्वतःला धरून ठेवतो. लाईन गेली की ही धरण सुटते. लाईन परत आली तरी मोटर आपोआप सुरू होत नाही. ही रचना मुद्दाम केलेली आहे, कारण अंधारात कोणाचा हात पंख्यापाशी असेल सांगता येत नाही. रात्री-अपरात्री लाईन येते म्हणून शेतकरी 'ऑटो' बसवतो आणि ही सोय बाजूला सारतो. मग लाईन येताच एका रोहित्रावरच्या सगळ्या मोटरी एकदम उठतात. सुरू होताना मोटर नेहमीच्या कितीतरी पट प्रवाह ओढते, त्यामुळे रोहित्र जळते. महावितरण ऑटो काढा म्हणते ते यासाठी. वरुड-मोर्शीच्या संत्राबागांतला मुलगा ऑटो जोडतो तेव्हा तो स्वयंचलनाचा पहिला धडा गिरवत असतो, आणि पहिली चूकही करत असतो.

कारखान्यातल्या नियंत्रकाचा पहिला धडाही नेमका हाच आहे. १९६८ मध्ये जनरल मोटर्स या मोटार कंपनीला रिलेंनी भरलेली कपाटे नकोशी झाली होती. दरवर्षी मोटारीचे मॉडेल बदलले की हजारो तारा पुन्हा जोडाव्या लागत. तारांऐवजी आज्ञावली बदलता येईल असे उपकरण त्यांनी मागितले. डिक मोर्ली आणि सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये 'मोडिकॉन ०८४' हे उपकरण दिले. आज ज्याला सगळे पीएलसी म्हणतात त्याची ही सुरुवात. त्याची भाषा शिडीसारखी काढतात: दोन उभ्या रेघा, मध्ये पायऱ्या, पायरीवर संपर्क आणि शेवटी कॉइल. ही भाषा संगणकतज्ज्ञांसाठी केलेली नव्हती. कारखान्यातल्या वायरमनला आपला नेहमीचा नकाशा ओळखता यावा म्हणून तशी ठेवली होती. म्हणून आयटीआयचा इलेक्ट्रिशियन पीएलसी शिकताना अडत नाही, असा माझा अनुभव आहे. संगणकाची पदवी घेतलेला मुलगा पुष्कळदा अडतो, कारण संपर्क चिकटतो, तार तुटते, पाणी शिरते, हे त्याच्या आज्ञावलीत कुठे लिहिलेले नसते.

शिकायचे कुठे? औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमध्ये 'मेकॅट्रॉनिक्स तंत्रज्ञ' हा दहावीनंतरचा दोन वर्षांचा व्यवसाय आहे, पण तो प्रत्येक संस्थेत नसतो. नसेल तर इलेक्ट्रिशियन, फिटर किंवा इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक घ्यावा. यांतल्या कोणत्याही वाटेने इथवर येता येते, आणि आयटीआयनंतर पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. अमरावतीचे शासकीय तंत्रनिकेतन १९५५ पासून आहे, शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६४ पासून. बडनेरा आणि शेगाव इथली महाविद्यालये १९८३ ची. छत्रपती संभाजीनगरच्या इंडो-जर्मन टूल रूममध्ये मेकॅट्रॉनिक्सची पदविका आहे. कापसात काम करायचे असेल, तर नागपूरला कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेचे जिनिंग प्रशिक्षण केंद्र आहे.

संस्थेचे नाव मी दुय्यम मानतो. शिक्षकाने मुलाबरोबर एकदा प्रयोगशाळेत जाऊन यावे. कॉम्प्रेसर चालू आहे की आच्छादन घालून ठेवला आहे? एका पॅनलभोवती दोन मुले आहेत की वीस? आणि सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे, शिकवणारे मुद्दाम बिघाड करून ठेवतात का आणि मुलांना तो शोधायला लावतात का? संगणकाच्या पडद्यावरचे आभासी यंत्र सरावाला चांगले, पण त्याची हवा कधी गळत नाही. जर्मनीत मेकॅट्रॉनिक्सचा कारागीर हा मान्यताप्राप्त व्यवसाय १९९८ मध्ये झाला. तिथे प्रशिक्षण साडेतीन वर्षांचे असते आणि त्यातला मोठा काळ कारखान्यातच जातो. आपल्याकडेही १९६१ चा शिकाऊ उमेदवारांचा कायदा आहे. शिकाऊ उमेदवाराला यंत्राला हात लावू दिला जातो की फक्त झाडलोट करवली जाते, हे मात्र कायदा पाहत नाही.

या प्रश्नाची निकड वाढली आहे. अमरावतीजवळच्या नांदगाव पेठेत वस्त्रोद्योगाचे कारखाने आहेत. शिवाय अमरावतीच्या पीएम मित्र वस्त्रोद्यानाची पायाभरणी २० सप्टेंबर २०२४ रोजी झाली. सुताच्या बॉबिन गुंडाळणाऱ्या यंत्रात प्रत्येक धाग्यावर संवेदक असतो. धागा जाड-बारीक झाला की यंत्र तेवढा तुकडा कापते आणि हवेच्या झोताने टोके पुन्हा जोडते. तत्त्व डाळीच्या यंत्राचेच. पण या यंत्रांची दुरुस्ती करायला माणसे बाहेरून आली आणि इथली मुले चाकणला पॅकिंग करायला गेली, तर या उद्यानातून वऱ्हाडाला मिळेल ते पहारेकऱ्याचे आणि झाडूचे काम. ओट्यावरून उठलेल्या बायांना यातले काय मिळाले, याचे उत्तर माझ्याजवळ नाही. त्यांच्या नातींना काय मिळेल ते मात्र काहीसे शाळेतल्या विज्ञानाच्या तासावर अवलंबून आहे. आयटीआयच्या या व्यवसायांना मुलींनी जाऊ नये असे कुठेही लिहिलेले नाही.

शाळेत करून पाहण्यासारखा एक प्रयोग सुचवतो. मोटारसायकलची १२ व्होल्टची बॅटरी, १२ व्होल्टचा एक रिले, एक दाबल्यावर जुळणारे बटण, एक दाबल्यावर सुटणारे बटण आणि तेवढ्याच व्होल्टचा छोटा दिवा घ्या. बॅटरी, सुटणारे बटण, जुळणारे बटण आणि रिलेची कॉइल हे सगळे एकसरीत जोडा. रिलेचा एरवी उघडा असणारा संपर्क जुळणाऱ्या बटणाला समांतर आणि दिवा कॉइलला समांतर लावा. जुळणारे बटण दाबा, दिवा लागून राहील. बॅटरीची तार क्षणभर काढून परत लावा, दिवा आपोआप लागणार नाही. आता मुलांना विचारा की थांबवायचे बटण एरवी जुळलेले आणि दाबल्यावर सुटणारे का ठेवले, उलट का नाही? उत्तरे फळ्यावर लिहून घ्या. मग दिवा लावून त्या बटणाची एक तार उपटा आणि काय होते ते पाहा.