खिळा कोणाच्या हातचा?

मे १९८७. कॅलिफोर्नियातील क्लोव्हरडेल गावच्या लाकूड गिरणीत एक ओंडका करवतीखाली आला. त्यात सुमारे ११ इंचांचा खिळा रुतलेला होता. करवतीचे पाते फुटले आणि २३ वर्षांच्या मजुराच्या तोंडावर आदळले. त्याचा जबडा मोडला, दात गेले. प्राण तेवढे वाचले.

झाडांत खिळे ठोकायचे आणि तसे जाहीर करायचे, म्हणजे करवती मोडण्याच्या भयाने तोड थांबेल. ही युक्ती त्या काळी ‘अर्थ फर्स्ट’ या गटाच्या नावाशी जोडली गेली होती. डेव्ह फोरमन व त्याच्या मित्रांनी १९८० मध्ये तो स्थापन केला. फोरमन पूर्वी अरण्यरक्षणासाठी वॉशिंग्टनमध्ये सनदशीर खटपट करीत असे. वाटाघाटींना विटून त्याने ‘तडजोड नाही’ हे ब्रीद पत्करले. झाड, नदी, अस्वल यांना माणसाइतकाच जगण्याचा अधिकार आहे, ही या मंडळींची श्रद्धा. षट्काय जीव मानणाऱ्या आपल्याला ती परकी वाटू नये. परंतु १९८५ मध्ये फोरमनने संपादिलेल्या पुस्तकात खिळे कसे ठोकावेत याचे धडे होते, आणि १९८७ मध्ये गटाच्या नियतकालिकातील एका टोपणनावी लेखाने एड्समुळे माणसे घटली तर त्याचे स्वागतच केले. एकेंद्रियाच्या करुणेत पंचेंद्रियाचा विसर पडावा, तो इतका!

गिरणीतला तो खिळा या गटातील कोणी ठोकला, हे कधीच सिद्ध झाले नाही. मात्र आपले शास्त्र कृत, कारित आणि अनुमोदित अशा तिन्ही खात्यांवर हिंसा मांडते. हात सापडला नाही, तरी धडे देणाऱ्याचे खाते कोरे राहत नाही.

हाच हिशेब पलीकडच्या बाजूलाही लावला पाहिजे, आणि बँकेत आयुष्य गेल्यामुळे मला तीच बाजू अधिक बोचते. उत्तर कॅलिफोर्नियातील पॅसिफिक लंबर ही कंपनी पिढ्यान्‌पिढ्या रेडवूडची तोड बेताने करीत आली होती. १९८५-८६ मध्ये चार्ल्स हरविट्झ यांच्या मॅक्झॅमने ती घेतली, तीही मुख्यतः चढ्या व्याजाच्या जोखमीच्या रोख्यांवर. ते कर्ज फेडण्यासाठी तोड जवळजवळ दुप्पट झाली. श्रावकाने वर्ज्य मानलेल्या पंधरा कर्मादानांत वनकर्म आहे. परंतु ज्याने केवळ रोखा घेतला, त्याच्या हाती कुऱ्हाड दिसत नाही.

ही दोन्ही खाती एकत्र वाचली ती जुडी बारी हिने. ती सुतारकाम करणारी, कामगार चळवळीत घडलेली आणि याच गटातली. करवतीपुढे मालक नव्हे, मजूर उभा असतो, हे ओळखून १९९० मध्ये तिने व तिच्या सहकाऱ्यांनी खिळ्यांचा मार्ग जाहीरपणे सोडला. त्याच वर्षी २४ मे रोजी ओकलंडमध्ये तिच्या मोटारीत बाँब फुटला. ती जबर जखमी झाली, आणि पोलिसांनी अटक केली तीही तिलाच! खटला उभा राहिला नाही. १९९७ मध्ये ती कर्करोगाने गेली. २००२ मध्ये ज्यूरीने तिच्या वारसांना व तिच्या सहकाऱ्याला ४४ लाख डॉलरची भरपाई देवविली. पॅसिफिक लंबरने २००७ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला.

नोकरीत असताना एका लाकूड गिरणीच्या कर्जाची शिफारस मी केली होती. तारण, मार्जिन, परतफेडीची क्षमता, सर्व तपासले. लाकूड कोठून येते, असा रकाना अर्जात नव्हता. मीही विचारले नाही.