फ्यूज दिव्यासाठी नाही, वायरसाठी असतो

आजचा भाग छोटा आहे, पण गाडीला जादा दिवे लावायचा विचार असेल तर शेवटपर्यंत थांबा.

गेल्या पावसाळ्यात आई-बाबांना घेऊन रात्री ताम्हिणी घाटातून येत होतो. धुकं दाट, म्हणून नवे फॉग लॅम्प लावले. दहा मिनिटांत डॅशबोर्डखालून प्लास्टिक जळाल्याचा वास! बाबा ओरडले, "अरे, आधी गाडी बंद कर!" बघतो तर स्विचची वायर वितळून शेजारच्या वायरला चिकटलेली. आणि फ्यूज? ठणठणीत.

झालं काय होतं? ५५ वॉटचे दोन दिवे, म्हणजे ११० वॉट. भागिले १२ व्होल्ट, साधारण ९ अँपिअर. एवढा करंट बारीक वायरीतून आणि छोट्याशा स्विचमधून जात होता. आधीचा फ्यूज उडाला तेव्हा बसवणाऱ्याने सरळ ३० अँपिअरचा हिरवा फ्यूज टाकला. मीही "चालतंय ना" म्हणून गप्प बसलो. आता तो ३० च्या खाली उडणारच नाही, वायर मात्र त्याआधीच जळणार.

यावर उपाय रिले. त्याच्या पायांवर नंबर असतात. बॅटरीच्या प्लसपासून फ्यूज, तिथून ३० नंबर. ८७ वरून दिव्यांना. ८६ ला स्विचची वायर, ८५ ला अर्थ. स्विचला सप्लाय इग्निशननंतरचा घ्या, म्हणजे चावी काढली की दिवे बंद. रिलेच्या कॉइलला पाव अँपिअरही लागत नाही, त्यामुळे स्विच थंड राहतो. जड करंट ३० ते ८७ असा बाहेरून जातो. पाच पायांच्या रिलेत मधला ८७ए असतो. तिथे दिवे जोडले तर स्विच बंद असताना पेटतील!

९ अँपिअरच्या लोडला १५ चा निळा फ्यूज आणि अडीच स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर घ्या. फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरातच बसवा. कारण बॅटरी ते फ्यूज या तुकड्याला कुणाचंच संरक्षण नसतं. तो बॉडीला घासून शॉर्ट झाला तर थांबवणार कोण?

आणि फ्यूज परत उडाला तर? मोठा टाकू नका, दोष शोधा. कोडमधली एरर लपवली म्हणून बग जात नाही, हे मला ऑफिसात रोज कळतं. गाडीत कळायला घाट लागला.

तुमच्या गाडीत जादा काही बसवलं असेल, तर या रविवारी तेवढा फ्यूजचा आकडा बघून घ्या. भेटू पुढच्या भागात!