कन्येचा वांटा

लग्नांत दागिने घातले म्हणजे मुलीचा वांटा फिटला, असें बोलणें उत्तन-डोंगरीकडील आपल्या ख्रिस्ती घरांतून आमच्या कानीं पुष्कळदां येतें. कायद्याचें म्हणणें निराळें आहे.

सन १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याप्रमाणें ख्रिस्ती पुरुष मृत्युपत्र न करितां वारला, तर मिळकतीचा एक तृतीयांश भाग विधवेस जातो व उरलेले दोन तृतीयांश मुलांमुलींत सारखे वांटले जातात. समजा, १२ गुंठे जमीन आहे आणि मागें विधवा, दोन पुत्र व दोन कन्या आहेत. तर मातेस ४ गुंठे व प्रत्येक अपत्यास २ गुंठे मिळतील. कन्या विवाहित असली तरी तिचा हिस्सा तोच. शिवाय बापानें हयातींत अपत्यास जें दिलें, तें या वांटणींत हिशेबांत धरूं नये, असें कलम ४९ सांगतें. मग दागिन्यांनीं वांटा फिटेल कसा?

त्रावणकोरांत सन १९१६ च्या कायद्यानें ख्रिस्ती कन्येस पुत्राच्या हिश्शाचा चतुर्थांश किंवा ५,००० रुपये, यांतील कमी असेल तेवढेंच मिळे. मेरी रॉय या शिक्षिकेनें दाद मागितली, तेव्हां १९८६ सालीं सर्वोच्च न्यायालयानें तेथेंही १९२५ चाच कायदा लागूं असल्याचा निर्णय दिला.

बहिणीनें राजीखुषीनें हक्क सोडला, तर तो तिचा अधिकार आहे. परंतु हक्कसोडपत्र एकदां नोंदलें गेलें कीं मागें फिरणें कठीण. यास्तव विद्यार्थिनींनीं कागद पुरता वाचल्यावांचून सही करूं नये, आणि विद्यार्थ्यांनीं तो बहिणीस स्वतः वाचून दाखवावा.